कास्टिंग वाकडं, रोबोट सरळ: उद्यमबागेतील एका लोडिंग सेलचे प्रकरण

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक पट्ट्यात लेथला रोबोट जोडताना जे प्रश्न हमखास उभे राहतात, ते एका सेलमध्ये (लेथ, रोबोट आणि कुंपण यांच्या एकत्र मांडणीत) एकत्र मांडले आहेत. कारखाना, कॉलेज आणि माणसे यांना नावे दिलेली नाहीत. मापे आणि आकडे वाचकाला स्वतः पडताळता येतील असे घेतले आहेत, म्हणून हिशेब जागोजागी उलगडून दाखवला आहे.

परिस्थिती

कारखाना हायड्रॉलिक सिलिंडरच्या ग्लँडचे (तोंडाशी रॉडभोवती बसणाऱ्या भागाचे) मशिनिंग करतो. जॉब म्हणजे ग्रे कास्ट आयर्नची जाड कडी: बाहेरचा व्यास ११२ मिमी, बोअर (आतले भोक) ६० मिमी, लांबी ७० मिमी. घनफळ साधारण ४९२ घन सेंमी भरते. घनता ७.२ धरली की कच्च्या जॉबचे वजन साडेतीन किलोच्या किंचित वर, ३.५४ किलो येते. तयार जॉब २.९ किलोचा. कास्टिंग कोल्हापूरच्या बाजूच्या फौंड्रीतून येते, पॅटर्न प्लेट (आकार उठवणारी पाटी) साच्यात एका वेळी चार पोकळ्या पाडते आणि प्रत्येक कास्टिंगवर तिच्या पोकळीचा आकडा उठलेला असतो. हा आकडा पुढे फार कामाला आला.

मशीन म्हणजे आठ इंची हायड्रॉलिक चकची (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाची) सीएनसी लेथ. मालकाने १० किलो क्षमतेचा सहा आसांचा जुना रोबोट घेतला आणि सेल उभी करण्याचे काम जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकल विभागातील एका प्राध्यापकाकडे सोपवले. प्राध्यापकांची पीएचडी लवचिक हातांच्या कंपनांवर झालेली. त्यांचे शोधनिबंध सिम्युलेशनचे आणि शिकवणे रोबोटिक्स व यंत्रगतिशास्त्राचे. ते गाईड म्हणून मान्यताप्राप्त आहेत आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे दोन संशोधक विद्यार्थी त्यांच्या हाताखाली आहेत. हे विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय बेळगावातच आहे. त्यामुळे इथला प्राध्यापक विद्यापीठाच्या दारातच असतो. कारखानाही पाच-दहा किलोमीटरवर असतो. तरी दोघांचे वेळापत्रक जुळत नाही. मालकाला सेल तिमाहीत चालू हवी, विभागाला वर्षअखेर शोधनिबंध हवा आणि शेवटच्या वर्षाच्या चार मुलांना परीक्षेआधी प्रोजेक्ट रिपोर्ट हवा. एकाच कामातून तिघांचे भागवायचे होते, आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

आधी वजनाचा हिशेब

मुलांच्या पहिल्या आराखड्यात दुहेरी ग्रिपर (पकडणारा पंजा) होता: एक ग्रिपर तयार जॉब काढतो, दुसरा लगेच कच्चा जॉब लावतो. कल्पना बरोबरच आहे, कारण त्यामुळे चकसमोरची एक पूर्ण फेरी वाचते. पण वजने मांडल्यावर घोळ दिसला. दोन ग्रिपर २.२ किलो, त्यांना जोडणारा १२ मिमी माइल्ड स्टीलचा ब्रॅकेट १.६ किलो, कच्चा जॉब ३.५४, तयार जॉब २.९. बेरीज १०.२४ किलो. अदलाबदलीच्या क्षणी दोन्ही जॉब हातात असतात हे विसरले की हा घोटाळा होतो, आणि तो जवळजवळ प्रत्येक पहिल्या आराखड्यात होतो.

ब्रॅकेट त्याच आकाराचा ॲल्युमिनियमचा केला तर वजन साधारण एक तृतीयांश, म्हणजे ०.५५ किलो होते. बेरीज ९.१९. दहाच्या आत आले म्हणून मुले थांबली. रोबोटच्या डेटाशीटमध्ये मात्र वजनाखाली आणखी एक ओळ असते, मनगटाच्या प्रत्येक आसावर चालणाऱ्या मोमेंटची (बळ गुणिले अंतर). या रोबोटला पाचव्या आसावर २२ न्यूटन-मीटर मान्य होते. एकत्रित गुरुत्वमध्य फ्लँजपासून (ग्रिपर जोडायच्या, हाताच्या टोकाच्या चकतीपासून) १५० मिमी आणि फ्लँज पाचव्या आसापासून १०० मिमी, म्हणजे अंतर पाव मीटर. ९.१९ गुणिले ९.८१ गुणिले ०.२५ केले की २२.५ येते. किलोत बसले, मोमेंटमध्ये नाही.

उपाय भूमितीचा होता. दोन्ही ग्रिपर एकमेकांशी ९० अंशांत, फ्लँजच्या आसाच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर बसवले आणि ब्रॅकेट आखूड केला. गुरुत्वमध्य फ्लँजपासून ११० मिमीवर आला, मोमेंट १८.९ वर उतरला. डेटाशीटमध्ये वजनासोबत जडत्वाची मर्यादाही दिलेली असते. तीही इथे तपासली गेली. ती न तपासता सेल चालवली तर रोबोट लगेच बंद पडत नाही. मनगटाचा गिअर वर्षभरात ढिला होतो आणि मग दोष कंपनीच्या माथी मारला जातो.

दुखणे

सेल चालू झाली. हाताने लावलेल्या जॉबचा फेस रनआउट (फिरताना तोंडाचे डगमगणे) ०.१० मिमीच्या आत सहज बसत होता. रोबोटने लावलेल्या जॉबपैकी काही ०.२, ०.३ पर्यंत जात. शिवाय अधूनमधून चक बंद होतानाच रोबोट कोलिजन (धडकेचा) अलार्म देऊन थांबे. दुपारनंतर प्रमाण वाढे. जुना रोबोट, गिअर गेला, असा सरळ निष्कर्ष कारखान्यात निघाला. कॉलेजातही तोच निघाला, फक्त भाषा जड होती: बॅकलॅश (गिअरची ढिलाई), जॉइंट कंप्लायन्स (सांध्याची लवचिकता), कॅलिब्रेशन.

प्राध्यापकांच्या अभ्यासाचा विषय हाच असल्याने रोबोटच्या हालचालीत दोष शोधण्याकडे त्यांचा ओढा स्वाभाविक होता. पण शंकेवर महिना घालवण्यापेक्षा रोबोट आधी निर्दोष किंवा दोषी ठरवून टाकणे स्वस्त पडते. त्यासाठी महाग लेझर ट्रॅकर लागत नाही. एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन प्लेटांवर तीन डायल गेज (०.०१ मिमी लघुतममाप) बसवायचे, ग्रिपरच्या जागी घासून चौरस केलेला ठोकळा लावायचा, हातावर नेहमीएवढेच नऊ किलो वजन ठेवायचे आणि रोबोटला त्याच बिंदूवर, त्याच दिशेने, त्याच वेगाने ३० वेळा आणायचे. ३० हा आकडा आयएसओ ९२८३ या रोबोट-चाचणीच्या मानकातला आहे. तीनही दिशांच्या नोंदींवरून प्रत्येक फेरीचे सरासरी बिंदूपासूनचे अंतर काढायचे. त्या अंतरांची सरासरी अधिक त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट, ही स्थान-पुनरावृत्ती. इथे ती ०.०८ मिमी आली. चकसमोर तीन दशांश मिमीचा दोष या रोबोटच्या नावावर टाकता येत नव्हता.

इथे एक गल्लत नेहमी होते. पुनरावृत्ती चांगली असणे आणि रोबोट सांगितलेल्या निर्देशांकावर नेमका पोचणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिकवलेला बिंदू पुन्हापुन्हा गाठायचा असेल तर पहिली पुरते. ऑफलाइन प्रोग्रॅम करून थेट निर्देशांक दिले तर दुसरीही लागते आणि ती कितीतरी वाईट असू शकते. या सेलमध्ये सगळे बिंदू टीच पेंडंटवरून (रोबोट हाताने हलवून बिंदू नोंदवायच्या पॅनेलवरून) शिकवलेले होते. प्रश्न पहिलीचाच होता आणि तो निकाली निघाला.

मग वहीची पाळी. ६० जॉबांसाठी पाच रकाने आखले: पॅटर्नच्या पोकळीचा आकडा, ओडी (बाहेरचा व्यास), ग्रिपरजवळचा हवेचा दाब, रनआउट, अलार्म आला की नाही. ओडी दोन टोकांना मोजायची. ऑपरेटर खानापूर आणि चंदगड भागातले. पत्रक मराठी आणि कन्नड दोन्हींत छापले, कारण दुसऱ्या पाळीतला गडी कन्नड वाचणारा होता. वही भरल्यावर दुपारचे दुखणे एक नसून दोन आहेत हे दिसले. रनआउट आणि अलार्म मोठ्या व्यासाच्या, विशेषतः एका पोकळीच्या जॉबांवर एकवटले होते. तयार जॉबावर ग्रिपर घसरल्याचे ओरखडे मात्र हवेच्या दाबासोबत चालत होते. दुपारी शेजारच्या विभागात ब्लोगन (हवेच्या झोताने सफाई करायच्या बंदुका) चालू झाल्या की लाइन ५ बारवरून ३.८ वर येई. योगायोगाने त्या पोकळीचे जॉब बिनच्या तळाशी असत आणि तळ दुपारीच लागे.

व्ही-जॉचे गणित

सुरुवातीचा ग्रिपर पैसे वाचवण्यासाठी घरीच बनवलेला. एका बाजूला ९० अंशांचा व्ही घट्ट बसवलेला, दुसऱ्या बाजूने ३२ मिमी बोअरचा हवेवरचा गाइडेड सिलिंडर सपाट पॅड दाबतो. वर्कशॉपमध्ये व्ही-ब्लॉक वापरणाऱ्या कुणालाही ही रचना ओळखीची वाटेल. तिचा दोषही ओळखीचा आहे: व्यास बदलला की मध्य सरकतो. सरकण्याचे प्रमाण त्रिज्येतील फरक भागिले व्हीच्या निम्म्या कोनाचा साइन. ४५ अंशांचा साइन ०.७०७, म्हणजे त्रिज्येतला फरक १.४१ पट होऊन मध्यावर येतो.

बॅचमधला व्यास ११०.८ ते ११३.२ मिमी होता. रोबोट ११२च्या जॉबवर शिकवलेला. सगळ्यात मोठ्या जॉबची त्रिज्या ०.६ मिमी जास्त, म्हणून मध्य ०.८५ मिमी सरकतो. आता चककडे बघा. आठ इंची हायड्रॉलिक चकचे जॉ (पकडणारे जबडे) व्यासावर साधारण साडेसात मिमी उघडतात. सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला कोरता येणारे मऊ जबडे) असे कोरलेले की ११२चा जॉब स्ट्रोकच्या मध्यावर पकडला जावा, म्हणजे उघडल्यावर जागा ११५.७ मिमीची. ११३.२च्या जॉबला दर बाजूला १.२५ मिमी मिळतात. त्यातले ०.८५ मध्य सरकण्यात गेले, उरले ०.४०. त्यात शिकवतानाची चूक दोन-तीन दशांश धरली की जॉब जॉला जवळजवळ घासतच आत जातो.

घासण्याने फार बिघडत नाही. खरी खराबी पुढच्या क्षणी होते. चक बंद होताना जॉबला स्वतःच्या मध्याकडे ओढतो. ग्रिपर त्याच जॉबला ०.८५ मिमी बाजूला घट्ट धरून उभा असतो. या आकाराच्या हाताची टोकाची ताठरता साधारण काही लाख न्यूटन प्रति मीटर असते. तीन लाख धरली तर ०.८५ मिमीला २५५ न्यूटन. हे बळ मनगटाच्या आसापासून सुमारे ०.२ मीटरवर लागते, म्हणजे ५१ न्यूटन-मीटर, मान्य २२. कंट्रोलर मोटरचा करंट वाढलेला बघतो आणि कोलिजन समजून थांबतो. अलार्म खोटा नव्हता. धडक हळू आणि चकने दिलेली होती, एवढेच.

जिथे अलार्म येत नाही तिथे जॉब तिरका पकडला जातो. चकचे जॉ मागच्या टोकाला १८ मिमी लांबीत धरतात, ग्रिपर सुमारे ४० मिमी पुढे. मागचे टोक मध्यावर येते, पुढचे बाजूलाच राहते. ग्रिपर सुटल्यावर जॉब सरळ व्हायला हवा, पण खडबडीत कास्टिंगवर जॉचे दाते रुतलेले असतात. तिरकेपणा तसाच राहतो.

ड्राफ्टने (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेल्या निमुळतेपणाने) यात भर घातली. पॅटर्न उभा, पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांची सांधरेषा) एका टोकाला, ड्राफ्ट एक अंश. ७० मिमी लांबीत एका बाजूला १.२ मिमी, व्यासावर २.४ मिमी फरक. रुंद, समांतर व्ही-जॉ अशा निमुळत्या पृष्ठभागाला पूर्ण टेकूच शकत नाही. तो जाड टोकाला टेकतो आणि जॉब झोके घेतो. ड्रॉइंगवर कडी सिलिंडर दिसते म्हणून ग्रिपर सिलिंडरसाठी बनवला जातो. पहिल्या मशिनिंगच्या आधी तो सिलिंडर नसतोच.

ऑपरेटर हाताने काय करतो

हाताने लावताना ऑपरेटर जॉब चकमध्ये ठेवतो, तळहाताने मागच्या स्टॉपवर दाबतो, किंचित फिरवतो आणि दाब तसाच ठेवून पायाने पेडल मारतो. चक बंद होताना त्याचा हात जॉबला बाजूला सरकू देतो, पण मागे येऊ देत नाही. अक्षाच्या दिशेने घट्ट, आडव्या दिशेने सैल. रोबोटचा ग्रिपर नेमका उलटा होता: आडवा घट्ट, आणि अक्षाच्या दिशेने फक्त शिकवलेल्या बिंदूपर्यंत. कास्टिंगची लांबी एक मिमी कमी असली की जॉब स्टॉपला टेकतच नसे.

दुरुस्ती याच निरीक्षणावर बेतली. एक: घरगुती ग्रिपर काढून दोन्ही फिंगर एकत्र सरकणारा समांतर ग्रिपर घेतला आणि दोन्हींवर व्ही बसवले. दोन्ही व्ही सारखे सरकले की व्यास बदलला तरी मध्य जागेवर राहतो. जॉ रुंद न ठेवता ईएन ८ पोलादाचे, कडक केलेले, ८ मिमी रुंदीचे बदलता येणारे पॅड लावले. ड्राफ्टचा प्रश्न तिथेच मिटला. ग्रिपरमागे दीडशे ग्रॅम वाढले, एकूण ९.४९ किलो, मोमेंट १९.६. चालते.

दोन: प्रत्येक ग्रिपरच्या पोटात तीन स्प्रिंगदार पिनांची पुशर प्लेट. रोबोट शिकवलेल्या बिंदूच्या ४ मिमी पुढे जातो, स्प्रिंग दबतात, जॉब स्टॉपवर बसतो. त्यानंतर ग्रिपर चक बंद होण्याआधी सुटतो आणि जॉब फक्त पुशरच्या दाबावर उभा राहतो. लेथचा स्पिंडल आडवा, म्हणजे तो खाली घसरता कामा नये. वजन ३४.७ न्यूटन. तीन स्प्रिंग ५० न्यूटनच्या घेतल्या तर १५० न्यूटन, घर्षणांक ०.१५, दोन पृष्ठभाग: ४५ न्यूटन. टिकेल, पण कूलंटने ओला झाला तर काठावर. म्हणून ८० न्यूटनच्या स्प्रिंग. २४० न्यूटनवर ७२, दुपटीहून थोडे जास्त. मग चक बंद, मग रोबोट मागे. इथे चकचा पाव सेकंद आणि रोबोटचे पाऊल यांचा क्रम चुकला तर जॉब लेथच्या गाइडवेवर (सरकपट्ट्यांवर) पडतो. म्हणून पहिली तपासणी लाकडी जॉबवर करावी.

तीन: हवा. पकडण्याचे बळ काढताना मुलांनी फक्त वजन धरले होते. वर उचलताना प्रवेग ६ मीटर प्रति सेकंद वर्ग, त्यात गुरुत्व मिळवून १५.८१, ३.५४ ने गुणून ५६ न्यूटन. सुरक्षा गुणांक २, दोन फिंगर, घर्षणांक ०.१५. दर फिंगर ३७३ न्यूटन लागतात. व्हीमुळे मिळणारी जादा पकड धरलेली नाही. आधीच्या ग्रिपरचा ३२ मिमीचा सिलिंडर ५ बारला ४०२ देतो, ३.८ बारला ३०६. जॉब पडत नाही, पण इमर्जन्सी स्टॉपच्या झटक्याला घसरतो. रोबोटशेजारी छोटा रिसीव्हर (हवेची टाकी), त्याआधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि ४.५ बारला सेल थांबवणारा प्रेशर स्विच लावला. पावसाळ्यात बेळगावच्या हवेतून लाइनमध्ये इतके पाणी उतरते की ड्रेन रोज सोडला नाही तर व्हॉल्व्ह चिकटतात. हे काम पहिल्या पाळीच्या सुरुवातीला ऑपरेटरच्या यादीत घातले.

चार: कीस. कास्ट आयर्नचा कीस लांब वळत नाही, भुगा होतो आणि कूलंटसोबत चिखल. स्टॉपवर तीन पॅड, ४५ मिमी त्रिज्येवर. एका पॅडखाली ०.२ मिमीचा कण राहिला तर जॉब ०.२ भागिले ६७.५ रेडियनने तिरका होतो आणि ११२ व्यासावर रनआउट ०.३३ मिमी दाखवतो. ऑपरेटर हा कण बोटाने पुसतो. रोबोटला दोन सेकंदांचा हवेचा झोत हवा आणि तो तिन्ही पॅडवर पडेल अशी नोझल हवी. नुसत्या झोतावर विसंबू नये म्हणून प्रत्येक पॅडमध्ये दीड मिमीचे छिद्र पाडून एअर-गॅप सेन्सर जोडला: जॉब नीट टेकला की छिद्र बंद होते, मागचा दाब वाढतो, तेव्हाच स्पिंडल सुरू.

सिग्नल आणि कुंपण

जुन्या लेथला रोबोट इंटरफेस नसतो. मोकळे एम-कोड (लेथच्या प्रोग्रॅममधल्या जोडकामांच्या आज्ञा) आणि २४ व्होल्टच्या रिलेवर दोघांमधली सिग्नलची देवाणघेवाण उभी करावी लागते: दरवाजा उघडा, चक उघडा, चक बंद, प्रोग्रॅम संपला, रोबोट बाहेर. यातला फसवा सिग्नल ‘चक बंद’. तो बहुतेक वेळा हायड्रॉलिक प्रेशर स्विचवरून घेतलेला असतो. जॉब नसताना जॉ स्ट्रोकच्या टोकाला जाऊन थांबले तरी दाब चढतो आणि लेथ म्हणते, पकडले. म्हणून चक सिलिंडरच्या मागे स्ट्रोक सेन्सर हवाच. तो नसलेल्या सेलवर मुलांना उभे करू नये.

कुंपणाच्या बाबतीत लहान कारखान्यात चालढकल होते. टीच मोडमध्ये वेग २५० मिमी प्रति सेकंदाच्या वर जाऊ नये, हातात तीन स्थितींचे एनेबल स्विच असावे, दाराला इंटरलॉक असावा: या गोष्टी आयएसओ १०२१८ या रोबोट-सुरक्षेच्या मानकातल्या आहेत. जाळी रोबोटला चिकटवून लावली तर बोट आत जाते, म्हणून जाळीच्या भोकाच्या मापावरून अंतर ठरवायचे असते. ‘आपला माणूस जाणता आहे’ हे कारण इथे ग्राह्य नाही.

मालकाचा आणि प्राध्यापकांचा हिशेब

मशिनिंग २१० सेकंद. हाताने बदलायला २५, रोबोटला दुहेरी ग्रिपरने १४. ऑपरेटरच्या पाळीत चहा-जेवण वगळून सव्वासात तास, म्हणजे १११ जॉब. रोबोटलाही तेवढाच वेळ दिला तर ११६. पाच जॉबांसाठी कुणी रोबोट घेत नाही. तो आठही तास चालला तर १२८. फायदा वेगाचा नाही, न थांबण्याचा आहे, आणि ४० जॉबांचा ट्रे अडीच तासांत संपतो, तो भरायला माणूस लागतोच. हे आकडे मालकासमोर पहिल्याच बैठकीत ठेवले तर पुढची कटकट वाचते. दर दहा मिनिटांनी अलार्म येणाऱ्या सेलमध्ये तर १११ सुद्धा निघत नाहीत.

प्राध्यापकांचा हिशेब वेगळा. व्ही-ब्लॉकमध्ये मध्य सरकतो हे पाठ्यपुस्तकात आहे, त्यावर शोधनिबंध होत नाही. नवे काम दुसरीकडे होते: मध्याची चूक, हाताची ताठरता, चकचे बळ आणि राहणारा तिरकेपणा यांचे एकत्रित प्रतिमान, आणि त्यावरून कास्टिंगची किती सूट परवडते याचा अंदाज. एका संशोधक विद्यार्थ्याचा विषय त्याप्रमाणे बदलला. प्रयोगशाळेत तीन जॉचा चक, एस-टाइप ५०० न्यूटनचे लोड सेल (बळ मोजणारे) आणि एका टोकाला मुद्दाम सरकवता येणारा जॉब अशी मांडणी झाली. इथे स्वस्त पर्यायाचा मोह टाळावा लागतो. लोड सेलचे वाचन घेणारा एचएक्स७११ हा लोकप्रिय मॉड्यूल सेकंदाला जास्तीत जास्त ८० नोंदी घेतो. चक पाव सेकंदात बंद होतो, म्हणजे सगळी घटना वीस ठिपक्यांत. शिखर कुठे होते ते कळत नाही. ब्रिज ॲम्प्लिफायर आणि सेकंदाला हजार नोंदी घेणारे डॅक (नोंदी संगणकात घेणारे यंत्र) हवे.

कारखान्याशी करार आधीच लिहून घ्यावा लागतो: ड्रॉइंग छापायचे नाही, मापे गुणोत्तरात द्यायची, निबंध पाठवण्यापूर्वी किती दिवसांत हरकत घ्यायची. हे तोंडी ठेवलेले काम पदोन्नतीच्या अर्जात मोजता येत नाही. कन्सल्टन्सीचे पत्र, चाचणी अहवाल आणि स्वीकृतीची सही नसेल तर चार महिन्यांची धावपळ कागदावर शून्य दिसते. तरुण प्राध्यापक याच कारणाने कारखाना टाळतात आणि पुन्हा सिम्युलेशनकडे वळतात. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण मोजपट्टीच तशी आहे.

शिकवण्यात मात्र लगेच बदल करता आला. रोबोटिक्सचा नेहमीचा क्रम इतिहास, सांध्यांची स्थिती मॅट्रिक्सने मांडायची डेनाव्हिट-हार्टेनबर्ग (डीएच) पद्धत, उलटे गतिशास्त्र, जॅकोबियन, डायनॅमिक्स, मार्गरचना असा चालतो आणि ग्रिपर शेवटच्या आठवड्यात, बहुधा सुट्टीत, जातो. डेनाव्हिट आणि हार्टेनबर्ग यांची मांडणी १९५५ ची. पहिला औद्योगिक रोबोट युनिमेट १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात लागला, तो डाय-कास्टिंग उचलायला. म्हणजे कास्टिंग धरण्याचा प्रश्न या विषयाइतकाच जुना आहे. आता प्रात्यक्षिकांचा क्रम उलटा आहे. पहिल्या तासाला प्रत्येक गटाला ३० कच्ची कास्टिंग आणि व्हर्नियर. दोन टोकांचा व्यास, लांबी, पोकळीचा आकडा, मग सरासरी आणि विचलन. दुसऱ्या प्रात्यक्षिकात ग्रिपरचे बळ आणि मध्याचे सरकणे. तिसऱ्यात फ्लँजवरचे वजन आणि मोमेंट. डीएच मॅट्रिक्स चौथ्या प्रात्यक्षिकाला येतात, तोवर त्या कशासाठी काढायच्या हे मुलांना माहीत झालेले असते. निपाणी-चिक्कोडीकडून आलेल्या, घरात ट्रॅक्टरचे काम पाहिलेल्या मुलांना हा क्रम झटकन पचतो. गणितात पुढे असलेली काही मुले सुरुवातीला कुरकुरतात.

सेलमध्ये एक प्रश्न शिल्लक आहे. दुसऱ्या ऑपरेशनला तोच ग्रिपर मशिन केलेल्या ओडीवर धरतो आणि कडक पॅडचे वळ उठतात. युरेथेनचे पॅड लावले तर वळ जातात, पण कास्ट आयर्नच्या चिखलात ते काही दिवसांत झिजतात आणि झिजेप्रमाणे जॉबचा मध्य पुन्हा सरकू लागतो. पितळी पॅडची चाचणी चालू आहे. बदलण्याचा काळ दिवसांवर नाही, जॉबांच्या संख्येवर ठरवायचा आहे, आणि त्यासाठी वहीत सहावा रकाना वाढवला आहे.